ह्युमॅनिटीज कौन्सिल चालवतं कोण? बोर्डाचं बोलावणं आलेल्या एका ताईंना उत्तर

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेतल्या एका राज्यात १८ वर्षं राहता, फार्मसिस्ट आहात, रविवारी मराठी शाळेत शिकवता. गावच्या लायब्ररीतल्या ग्रंथपालबाईंनी राज्याच्या ह्युमॅनिटीज कौन्सिलच्या, म्हणजे इतिहास-साहित्यासारख्या विषयांवरच्या कार्यक्रमांना पैसा देणाऱ्या संस्थेच्या, बोर्डासाठी तुमचं नाव सुचवलं आणि आता मुलाखतीचं बोलावणं आलंय. तुम्ही मुख्य चार गोष्टी विचारल्यात. ही सरकारी समिती आहे का? प्रोफेसर मंडळींत माझ्यासारखीचं काय काम? पैसे द्यावे लागतात का? आणि २०२५ साली केंद्राची ग्रँट अचानक रद्द झाली, त्यानंतर अशा संस्थेत पाऊल टाकावं का?

मी दहा वर्षं एका राज्याच्या कौन्सिलमध्ये प्रोग्रॅम ऑफिसर होते. मग नवऱ्याच्या नोकरीपायी राज्य बदललं आणि तिथल्या कौन्सिलच्या बोर्डावर सहा वर्षं बसले, त्यातली शेवटची दोन खजिनदार म्हणून. म्हणजे पगार घेऊनही हे काम केलंय आणि पदरचे पैसे घालूनही. दोन्ही राज्यांची नावं लिहीत नाही. ही वर्तुळं लहान असतात, सगळे सगळ्यांना ओळखतात.

सरकारी आहे का, तर नाही. पण हे ‘नाही’ थोडं सोडवून सांगावं लागेल. २९ सप्टेंबर १९६५ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि त्यातून नॅशनल एंडोमेंट फॉर द ह्युमॅनिटीज ही केंद्रीय संस्था निघाली. लोकशाहीला शहाणपण आणि दूरदृष्टी असलेले नागरिक लागतात, असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. त्यानंतर चारच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, याच जॉन्सनसाहेबांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्याच कायद्याच्या दारातून आपली डॉक्टर-इंजिनियरांची पहिली मोठी फळी या देशात आली. हे दोन कायदे एकाच आठवड्यातले आहेत हे मला नोकरीला लागून सात वर्षं झाल्यावर कळलं, आणि तेही एका ऐंशीच्या घरातल्या मराठी काकांकडून. त्यांच्याकडे नंतर येते.

एंडोमेंटचा पैसा सुरुवातीला मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधक यांच्याकडे जायचा. तो गावोगाव कसा पोचवायचा, हा पेच होता. तीन वाटा आजमावल्या गेल्या: राज्यांच्या कला परिषदांनाच हे कामही द्यायचं, विद्यापीठांच्या बहिःशाल विभागांकडे सोपवायचं, किंवा नागरिक आणि प्राध्यापक मिळून नव्या समित्या काढायच्या. १९७१मध्ये ओरेगॉन, जॉर्जिया, ओक्लाहोमा अशा मोजक्या राज्यांत प्रयोग झाला आणि तिसरी वाट टिकली. आज ५६ कौन्सिलं आहेत: ५० राज्यं, राजधानीचा जिल्हा आणि प्वेर्तो रिको, ग्वाम वगैरे पाच प्रदेश. राज्याची कला परिषद ही बहुतेक ठिकाणी सरकारी खातं असते. ह्युमॅनिटीज कौन्सिल मात्र स्वतंत्र, ना-नफा संस्था असते. तिचा डायरेक्टर सरकारी नोकर नसतो, कर्मचाऱ्यांना सरकारी पेन्शन नसतं, आणि तिजोरी रिकामी झाली तर सरकार वाचवायला येत नाही. मुलाखतीला जाताना एवढं पक्कं डोक्यात ठेवा.

आता ‘आपल्या साहित्य परिषदेसारखंच ना?’ असंही तुम्ही कंसात विचारलंय. वरवर पाहता हो. व्याख्यानं, पुस्तकं, इतिहास, जिल्ह्याजिल्ह्यातली माणसं. पण एक मोठा फरक आहे. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची. तिथे आजीव सभासद मतदान करून कार्यकारिणी निवडतात, त्यामुळे पॅनेलं होतात, प्रचार होतो, आणि कोण पडलं यावर महिनाभर चर्चा चालते. इथे सभासद नाहीत आणि मतदानही नाही. बोर्ड आपले वारसदार आपणच निवडतं. लोकांकडून नावं मागवतात, नामांकन समिती मुलाखती घेते, बोर्ड ठराव करतं. १९७६च्या कायदादुरुस्तीपासून काही सदस्य गव्हर्नर नेमू शकतो. एवढंच. यात भांडणं कमी होतात हे खरं, पण बोर्ड आपल्यासारखीच माणसं पुन्हापुन्हा आत घेत राहतं हा धोकाही आहे. तुमच्या ग्रंथपालबाईंनी तुमचं नाव सुचवलं ते बहुधा हाच धोका टळावा म्हणून.

चालवतं कोण, याचं उत्तर कागदावर सोपं आहे. एक एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, दोन-तीन प्रोग्रॅम ऑफिसर, एक हिशेब पाहणारी व्यक्ती, एक जण प्रसिद्धी आणि वेबसाइटसाठी. मोठ्या राज्यांत संख्या वाढते, लहान राज्यांत चार माणसांत राज्य सांभाळतात. डायरेक्टर बरेचदा पीएचडी केलेला आणि विद्यापीठातून बाहेर पडलेला असतो, किंवा संग्रहालय, लायब्ररी, पब्लिक रेडिओ अशा ठिकाणाहून आलेला. काही जण आयुष्य इथेच घालवतात. व्हर्जिनियाच्या कौन्सिलचे रॉबर्ट व्हॉन १९७४पासून २०१७पर्यंत, म्हणजे ४३ वर्षं, एकाच खुर्चीवर होते. त्या काळात ती संस्था देशातल्या मोठ्या कौन्सिलांपैकी एक झाली. मात्र इतकी वर्षं एकच माणूस असला की पुढची निवड हे बोर्डाचं सगळ्यांत कठीण काम होऊन बसतं. एका बोर्डात जुन्या डायरेक्टरांच्या जागी कोण हे ठरवताना १४ महिने गेलेले मी पाहिलेत. त्या १४ महिन्यांत दोन चांगल्या ऑफिसर सोडून गेल्या.

डायरेक्टर दिवसभर ग्रंथ वाचत असेल अशी माझी नोकरीआधीची समजूत होती. आमचे डायरेक्टर वर्षाला पन्नासेक हजार मैल गाडी चालवायचे. डिकीत घडीचं बॅनर, एक्स्टेंशन कॉर्ड, नावाच्या बिल्ल्यांचा डबा आणि बर्फ काढायचं फावडं. सकाळी राज्याच्या विधिमंडळात एखाद्या सिनेटरच्या सेक्रेटरीशी दहा मिनिटं, दुपारी देणगीदार आजीबाईंसोबत सूप, संध्याकाळी दीडशे मैलांवरच्या गावात २३ माणसांच्या सभेत प्रास्ताविक. दर वर्षी मार्चच्या सुमाराला सगळ्या राज्यांची माणसं वॉशिंग्टनला आपापल्या खासदारांना भेटायला जातात. तेव्हा बोर्डातल्यांनाही नेतात. तुम्हाला जमलं तर एकदा जरूर जा. खासदाराच्या ऑफिसात ‘मी फार्मसिस्ट आहे आणि तुमच्या मतदारसंघात राहते’ हे वाक्य प्रोफेसरच्या पाच वाक्यांपेक्षा जास्त ऐकलं जातं.

पण माझ्या मते संस्था चालते ती प्रोग्रॅम ऑफिसर आणि हिशेबनीस यांच्यावर. मी स्वतः ऑफिसर होते म्हणून हे म्हणतेय असं वाटेल, वाटू दे.

प्रोग्रॅम ऑफिसरचं खरं काम फोनवर चालतं. एखाद्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, इतिहास मंडळाच्या अध्यक्षा, वय ७८, फोन करतात: आमच्या गावातून जी रेल्वे गेली तिच्यावर कार्यक्रम करायचाय, दीड हजार डॉलर हवेत, हा तुमचा ऑनलाइन फॉर्म मला काही झेपत नाही. अशा वेळी तुम्ही फॉर्म भरून द्यायचा नसतो, कारण तुम्हीच पुढे त्याची शिफारस करणार. पण असे प्रश्न विचारायचे की त्यांनाच उत्तर सुचावं. बोलणारा कोण? त्याने या विषयात काय केलंय? रेल्वेची बांधणी कोणी केली, ते मजूर कुठून आले? त्यांचे वंशज अजून गावात आहेत का? तिसऱ्या फोनला बाई म्हणतात, अगं, त्यातल्या एकाची नात आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवते. मग ज्याला आधी नुसता रेल्वेच्या फोटोंचा स्लाइड शो म्हणत होतो त्याचा मानव्यविद्येचा कार्यक्रम होतो. हा शब्द मी मुद्दाम वापरला. ह्युमॅनिटीज म्हणजे इतिहास, साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान, लोकपरंपरा. पण नुसता विषय त्यातला असून भागत नाही. कार्यक्रमात अर्थ लावण्याचं काम व्हायला हवं, आणि ते करवून घेणं हे ऑफिसरचं कसब.

मग येतो ‘मॅच’. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, पैशाच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर इतरांकडून यावा लागतो. तो रोखच हवा असं नाही. फुकट मिळालेल्या हॉलचं भाडं, स्वयंसेवकांचे तास, हेही धरतात. तासाचा दर ठरलेला असतो. माझ्या शेवटच्या वर्षांत देशपातळीवर सरासरी ३३ डॉलरच्या आसपास धरायचे. यावरून एक गोष्ट सांगते.

स्मिथसोनियन ही वॉशिंग्टनची संग्रहालयांची संस्था आणि राज्यांची कौन्सिलं मिळून १९९४पासून ‘म्युझियम ऑन मेन स्ट्रीट’ नावाचं फिरतं प्रदर्शन चालवतात. काही हजार वस्तीच्या गावांत ते जातं, तिथे सहाएक आठवडे मुक्काम करतं, आणि त्याच्या जोडीला गाव आपलं स्वतःचं छोटं प्रदर्शन मांडतं. लाकडी खोक्यांतून सगळं येतं आणि गावकऱ्यांनीच ते जोडायचं असतं. आमच्या राज्यातल्या एका जुन्या लायब्ररीत सगळ्यांत मोठं खोकं दारातून आत जाईना. दोन इंच कमी. बाहेर भुरभुर बर्फ. तेव्हा हार्डवेअर दुकानाचा मालक आला, त्याने चौकटीसकट दार काढलं, खोकं आत घेतलं आणि दार परत बसवलं. सहा आठवड्यांनी परतीच्या वेळी पुन्हा तेच. ग्रंथपालबाईंनी तासांच्या तक्त्यात प्रामाणिकपणे नोंद केली: दार काढणे व बसवणे, ४ तास, दोन वेळा. वर्षअखेरीला ऑडिटरने नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. आमच्या हिशेबनीस बाईंनी फाइलमधून फोटो काढून दाखवला: उघडं दार, खोकं, आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेतलेला माणूस. आठ तास मंजूर. त्या बाईंकडे असा प्रत्येक ओळीचा पुरावा असायचा. त्यांना ह्युमॅनिटीज शब्दाची व्याख्या विचारली असती तर त्यांनी खांदे उडवले असते, पण त्या नसत्या तर पुढच्या वर्षी आम्हाला पैसा मिळाला नसता.

हे गमतीचं नाही. वर्षात ठरावीक रकमेपेक्षा जास्त फेडरल पैसा खर्च झाला की खास ऑडिट करावं लागतं. ही मर्यादा बरीच वर्षं साडेसात लाख डॉलर होती, १ ऑक्टोबर २०२४ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती १० लाख झाली. मधल्या आकाराची कौन्सिलं या रेषेच्या आसपासच असतात. तुम्ही फार्मसिस्ट आहात, गोळीगोळीची नोंद ठेवायची सवय आहे. खरं सांगायचं तर बोर्डाला तुमच्या मराठी शाळेपेक्षा या सवयीचा उपयोग जास्त होईल.

विद्वान मग कुठे असतात? असतात, पण चालवणाऱ्यांत थोडे आणि बोलणाऱ्यांत जास्त. व्याख्यात्यांच्या यादीत पन्नास-साठ जण असतात, एका व्याख्यानाला काहीशे डॉलर मानधन आणि गाडीखर्च. नेवाडा आणि उत्तरेकडच्या मैदानी राज्यांत शटॉक्वा नावाचा प्रकार रुजला. अभ्यासक ऐतिहासिक व्यक्तीच्या वेशात येतो, त्या व्यक्तीच्या तोंडून बोलतो, मग त्याच भूमिकेत राहून श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतो, आणि शेवटी टोपी काढून स्वतः अभ्यासक म्हणून बोलतो, की मघाशी मी जे म्हणालो त्यातलं हे पुराव्याने सिद्ध आहे आणि ते अंदाजाने. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमच्या गावच्या राममंदिरातलं कीर्तन आठवलं. फक्त आपले बुवा आख्यान संपल्यावर ‘यातलं एवढं माझ्या पदरचं’ असं सांगत नाहीत!

तुमच्या पेशाजवळचं एक उदाहरण देते. मेन राज्याच्या कौन्सिलने १९९७मध्ये हॉस्पिटलांत एक वाचनमंडळ सुरू केलं. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, ऑफिसातली माणसं महिन्यातून एकदा जमायची, आधी वाचून आणलेल्या कथा-कवितांवर बोलायची. एक साहित्याचा अभ्यासक ते चालवायचा. पुढे हा कार्यक्रम बऱ्याच राज्यांत गेला, निवृत्त सैनिकांच्या हॉस्पिटलांतही पोचला. आमच्याकडे आम्ही तो राबवला तेव्हा एका हृदयरोगतज्ज्ञांना पहिल्यांदा कळलं की रात्रपाळीच्या लिफ्टवाल्याला त्या वॉर्डात काय काय दिसतं. तसंच लुइझियानाच्या कौन्सिलने १९९१मध्ये ‘प्राइम टाइम’ काढलं: आईबाप आणि मुलं लायब्ररीत एकत्र बसून चित्रपुस्तक ऐकतात आणि त्यावर चर्चा करतात, ज्यांच्या घरी पुस्तक कमी त्यांना आधी बोलावणं. मराठी शाळेत तुम्ही वेगळं काय करता?

आता बोर्ड. पंधरा ते पंचवीस माणसं, तीन वर्षांची मुदत, ती सहसा एकदा वाढते. वर्षात तीन-चार बैठका, त्याही राज्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत. शिवाय एखादी उपसमिती. ग्रँटच्या फेरीआधी वीस-पंचवीस अर्ज घरी वाचून गुण द्यायचे. हे वाचन झोपमोड करणारं असतं, टाळू नका. न वाचता आलेला सदस्य पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो.

प्रोफेसरांची भीती सोडा. या कौन्सिलांची मूळ कल्पनाच अशी की अर्धी माणसं विद्येची आणि अर्धी बाहेरची. नुसत्या प्रोफेसरांचं बोर्ड प्रोफेसरांनाच पैसे देतं, हे कटू वाटलं तरी मी अनुभवाने सांगते. मी पाहिलेले सगळ्यांत उत्तम बोर्ड सदस्य एका लहान गावात फ्युनरल होम चालवत, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहत. चार पिढ्यांची घरं त्यांना नावानिशी ठाऊक. अर्जांवर चर्चा चालू असताना ते एकच प्रश्न विचारायचे: ‘येणार कोण?’ एका अर्जात मध्ययुगीन हस्तलिखितांवर तीन व्याख्यानं होती, अर्ज सुरेख लिहिलेला, प्राध्यापक मंडळी खूश. यांनी विचारलं, येणार कोण? अर्ज परत गेला. दुसऱ्या फेरीत तो आला तेव्हा त्यात गावातला साइनबोर्ड रंगवणारा, शाळेतली सुलेखनाची बाई आणि जोडीला एक कार्यशाळा होती. शंभरावर माणसं आली.

माझी स्वतःची चूकही सांगून टाकते, कारण आपल्याकडच्या मंडळींकडून ती हमखास होते. महाराष्ट्र मंडळात कार्यकारिणीच सगळं करते. खुर्च्या मांडणं, बटाटेवड्यांची ऑर्डर, निवेदन, झाडलोट. इथल्या मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं, ते एवढी अधिवेशनं भरवतंय ती सगळी स्वयंसेवकांच्या जिवावर. त्या सवयीने मी बोर्डावर आल्याबरोबर एका प्रोग्रॅम ऑफिसरला थेट फोन करून पोस्टरवरचा मजकूर बदलायला लावला. मजकूर खरंच चुकला होता. दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंचा फोन आला, अगदी गोड आवाजात: बोर्ड एकाच माणसाला नेमतं, डायरेक्टरला. त्याच्याखालच्यांना तुम्ही सूचना द्यायला लागलात तर वीस सदस्यांचे वीस साहेब होतील. दहा वर्षं स्वतः त्या खुर्चीवर बसून असल्या फोनांनी मी जेरीला आले होते, आणि संधी मिळताच मीही तेच केलं!

पैशांचं सरळ सांगते. हो, द्यावे लागतात. बहुतेक बोर्डांत ‘द्या किंवा मिळवून द्या’ असा दंडक असतो, कुठे लेखी, कुठे डोळ्यांतून सांगितलेला. खाजगी फाउंडेशन मोठी देणगी देण्याआधी हमखास विचारतं: तुमच्या बोर्डातले किती टक्के लोक स्वतः देतात? उत्तर शंभर टक्के असावं लागतं. म्हणून रक्कम लहान चालते, शून्य चालत नाही. आमच्याकडे एक शाळाशिक्षिका वर्षाला ६० डॉलर द्यायच्या, महिन्याला पाच, आणि कोणी भुवई उंचावली नाही. इतरांकडे मागणं जड जातं म्हणाल, तर गणपतीची वर्गणी मागायला आपण कधी लाजलो? तशीच पावतीपुस्तकाची तयारी ठेवा. फक्त इथे अगदी दहा डॉलर आले तरी आभाराचं पत्र वेळेत जावं लागतं.

आणि आता २०२५. ही गोष्ट तुम्ही शेवटी विचारलीत, पण खरी भीती हीच असावी.

२ एप्रिल २०२५च्या रात्रीपासून देशभरच्या कौन्सिलांना ईमेल गेल्या की एंडोमेंटकडून चालू असलेली त्यांची ग्रँट रद्द झाली. नेहमीच्या सरकारी पत्त्यावरून त्या आल्या नव्हत्या, त्यामुळे कित्येकांना आधी त्या बनावट वाटल्या. एंडोमेंटचं वर्षाचं अंदाजपत्रक तेव्हा २० कोटी ७० लाख डॉलरांच्या घरात होतं आणि त्यातले सुमारे साडेसहा कोटी ५६ कौन्सिलांना जात. २९ एप्रिलला मेलन या खाजगी फाउंडेशनने दीड कोटी डॉलरची तातडीची मदत जाहीर केली: प्रत्येक कौन्सिलला २ लाख, आणि कौन्सिलने स्वतः जमवलेल्या रकमेच्या जोडीला आणखी ५० हजारांपर्यंत. मे महिन्यात राज्य कौन्सिलांचा महासंघ आणि ओरेगॉनची कौन्सिल कोर्टात गेले. ऑगस्टमध्ये तिथल्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश मायकेल सायमन यांनी, हे रद्द करणं बहुधा बेकायदा ठरेल असं म्हणत, अंतरिम मनाईहुकूम दिला. मधल्या काळात अनेक राज्यांत माणसं कमी झाली, कार्यक्रम थांबले. ज्या राज्यांत विधिमंडळ काही पैसे देतं किंवा शहरी देणगीदार आहेत ती तगली. विरळ वस्तीच्या, मोठी शहरं नसलेल्या राज्यांना फटका जास्त बसला, कारण त्यांचं जवळपास सगळं अंदाजपत्रकच फेडरल पैशावर उभं असतं.

त्या आठवड्यात बोर्डाचं काम काय असतं ते मी खजिनदार म्हणून पाहिलं. भाषणं नव्हती. पहिल्या रात्री झूमवर एकच तक्ता: गंगाजळी किती, पगार किती महिने निघतील, कोणाला शब्द दिलेला आहे आणि चेक जायचाय. तिसऱ्या सदरावर दीड तास वाद झाला. काही म्हणाले, हातचा पैसा राखा, बाहेरचे चेक थांबवा. आमचं शेवटी ठरलं की हजार-दीड हजारांचे जे चेक लहान लायब्रऱ्यांना आणि इतिहास मंडळांना कबूल केलेत ते आधी पाठवायचे, कारण त्यांनी त्या भरवशावर हॉल घेतलेत, माणसं बोलावलीत. त्यासाठी वरच्या तिघांनी दोन महिन्यांचा पगार कमी घेतला. बरोबर होतं का? मला अजून वाटतं होतं. पण विरोधात मत दिलेला सदस्य मूर्ख नव्हता. तो बँकर होता आणि त्याचं गणित बिनचूक होतं.

तेव्हा पाऊल टाकावं का? टाकावं, पण डोळे उघडे ठेवून. मुलाखतीआधी त्यांच्याकडून चार कागद मागा. गेल्या वर्षीचं फॉर्म ९९०, जे ना-नफा संस्था करखात्याला देतात आणि जे कोणालाही पाहता येतं. डायरेक्टरचा पगारही त्यात असतो. शेवटचा ऑडिट अहवाल. सदस्यांना संरक्षण देणारा डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स इन्शुरन्स आहे ना, त्याची प्रत. आणि गेल्या पाच वर्षांत कुठल्या काउंटीला किती ग्रँट गेली त्याची यादी. ती यादी घेऊन राज्याच्या नकाशावर बसा. ज्या काउंट्या कोऱ्या दिसतील त्यांच्याबद्दल मुलाखतीत विचारा. तुम्ही त्यांना तपासताय हे त्यांना कळलं तर चांगलंच आहे.

आता तुमच्या महाराष्ट्र मंडळाबद्दल. तुम्ही बोर्डावर गेल्यावर मंडळाला अर्ज करता येईल का, असं विचारलंत. येईल, मात्र त्या अर्जाच्या वेळी तुम्हाला खोलीबाहेर जावं लागेल आणि तशी लेखी नोंद होईल. गणेशोत्सव किंवा नाट्यप्रयोग यांना नुसतं म्हणून पैसे मिळणार नाहीत. करमणूक, धर्मकार्य आणि राजकीय प्रचार यांच्यासाठी हा पैसा नसतो. कार्यक्रम सगळ्यांना खुला लागतो आणि त्यात अभ्यासक लागतो. पण १९६५नंतर आलेल्या पिढीच्या मुलाखती, मराठीत रेकॉर्ड करून इंग्रजी भाषांतरासह राज्याच्या संग्रहात ठेवायच्या, हा नमुनेदार अर्ज होऊ शकतो. मघाशी म्हटलेले काका तेच. त्यांनी मला त्या दोन तारखा सांगितल्या, आपल्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली, म्हणाले, पुढच्या वेळी रेकॉर्डर घेऊन ये. मी दुसऱ्या काउंटीच्या प्रदर्शनात अडकले होते. रेकॉर्डर घेऊन जायच्या आत ते गेले. तुमच्या गावात त्या वयाची किती माणसं उरलीत हे तुम्हालाच माहीत.

मुलाखतीच्या आधी आणखी एक करा. ज्या ग्रंथपालबाईंनी तुमचं नाव दिलं त्यांच्याकडे लायब्ररीत जाऊन अर्धा तास बसा. त्यांनी आजवर कौन्सिलकडून काय काय घेतलं, अर्ज करताना कोणाला फोन लावला, पलीकडचं माणूस कसं बोललं, चेक किती आठवड्यांनी हातात पडला, आणि एप्रिल २०२५नंतर त्यांचा कुठला कार्यक्रम रद्द झाला, हे विचारा. डायरेक्टरकडून ऐकायच्या आधी हे त्यांच्याकडून ऐकलेलं बरं.